घंटेनंतरची शाळा

जपानमधल्या हायस्कुलात शेवटचा तास साधारण साडेतीनच्या सुमारास संपतो. मग मुलं हातात झाडू आणि फडकी घेऊन आपापला वर्ग आणि जिना स्वच्छ करतात. एवढं झाल्यावर आपल्याकडची मुलं दप्तर उचलून फाटकाकडे धावली असती. तिथली बहुतेक मुलं शाळेतच पुन्हा पांगतात. कुणी बेसबॉलच्या मैदानावर जातं, कुणी सुलेखनाच्या खोलीत, कुणी चहाविधीच्या चटईवर, तर कुणी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत. या घंटेनंतरच्या शाळेला ते ‘बुकात्सु’ म्हणतात. ‘बु’ म्हणजे मंडळ आणि ‘कात्सु’ हे उपक्रम या अर्थाच्या ‘कात्सुदो’चं लघुरूप. आपण ज्याला सहशालेय उपक्रम म्हणतो त्याचाच हा भाऊ, पण आपल्यापेक्षा कितीतरी धष्टपुष्ट.

मी एका मराठी हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं शाळेचं हस्तलिखित काढलं. निवृत्तीनंतर भाचीकडे जपानला सहा आठवडे राहून आले. तिचा मुलगा तिथल्या एका सरकारी हायस्कुलात पहिल्या वर्षाला होता आणि शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला शिकत होता. ‘वाजवायला’ म्हटलं खरं, पण जून महिन्यात मी पाहिलं तेव्हा त्याचं मुख्य काम खुर्च्या मांडणं, स्टँड लावणं आणि ढोल उचलणं हे होतं. “आजी, पहिल्या वर्षी असंच असतं,” असं तो मोठ्या समाधानानं म्हणाला. त्याच्या त्या समाधानाचं मला नवल वाटलं. परत आल्यावर या विषयावर जे सापडलं ते वाचत गेले, आणि वाचता वाचता माझ्याच शाळेबद्दलच्या काही समजुती मोडल्या. त्या मोडण्याची ही हकिकत.

आधी या मंडळांची रचना पाहू. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. नव्या मुलांना आपल्याकडे ओढण्यासाठी जुनी मंडळं प्रात्यक्षिकं दाखवतात, मुलं काही दिवस तात्पुरती जाऊन बघतात आणि मग एक मंडळ निवडतात. एक हे महत्त्वाचं. सोमवारी बुद्धिबळ, मंगळवारी नाटक असा प्रकार सहसा नसतो. ज्या मंडळात नाव घातलं त्यात तीन वर्षं काढायची, हा रिवाज. मंडळं दोन जातींची असतात, खेळांची आणि कलांची. प्रत्येकाला एक शिक्षक ‘कोमोन’, म्हणजे सल्लागार, म्हणून नेमलेला असतो, पण रोजचा कारभार मुलांकडे असतो. वरच्या वर्गातली मुलं ‘सेनपाई’, खालची ‘कोहाई’. सेनपाईंनी शिकवायचं, कोहाईंनी ऐकायचं आणि पुढच्या वर्षी स्वतः सेनपाई व्हायचं. तिसऱ्या वर्षाची मुलं उन्हाळ्यातली शेवटची स्पर्धा संपली की मंडळातून ‘निवृत्त’ होतात आणि प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला लागतात. त्यासाठी शब्दही ‘निवृत्ती’ याच अर्थाचा वापरतात. कुठल्याच मंडळात नसलेल्या मुलाला थट्टेनं ‘किताकु-बु’चा सदस्य म्हणतात. किताकु-बु म्हणजे घरी जाणाऱ्यांचं मंडळ! मंडळात नसणं हेसुद्धा एक मंडळच, इतकी ही व्यवस्था सर्वव्यापी आहे.

तिचं मूळ शोधायचं तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावं लागतं. मेइजी काळात परदेशी शिक्षक आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खेळ आले. होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकानं १८७२च्या सुमारास बेसबॉल आणला. फ्रेडरिक स्ट्रेंज या इंग्रज शिक्षकानं तोक्योत १८८३मध्ये मैदानी स्पर्धा भरवल्या. पुढे १८९६मध्ये तोक्योच्या ‘इचिको’ या उच्च शाळेच्या मुलांनी योकोहामातल्या अमेरिकनांच्या संघाला २९-४ असं हरवलं आणि विद्यार्थ्यांचा खेळ हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला. क्रिकेट आणि इंग्रज यांचा आपला इतिहास आठवणाऱ्याला यात ओळखीचं काहीतरी दिसेल.

या अभिमानाला खतपाणी घातलं ते वर्तमानपत्रांनी. १९१५मध्ये ओसाकाच्या ‘आसाही’ वृत्तपत्रानं शालेय बेसबॉलची देशव्यापी स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी अंतिम फेरीसाठी दहा शाळा आल्या होत्या. १९२४मध्ये कोशिएन हे भव्य मैदान बांधून झालं आणि स्पर्धेला त्याचंच नाव चिकटलं. आज उन्हाळी कोशिएनमध्ये साधारणपणे एकोणपन्नास शाळा खेळतात. एक सामना हरला की संघ बाहेर. १९१८मध्ये तांदळाच्या दंगलींमुळे, दुसऱ्या महायुद्धात आणि २०२०मध्ये कोरोनामुळे, एवढेच काय ते खंड. बँडची राष्ट्रीय स्पर्धाही १९४०मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागेही हेच वृत्तपत्र आहे. म्हणजे शाळेच्या आवारात मुलांनी मुलांसाठी चालवलेली गोष्ट पाहता पाहता सगळ्या देशानं बघायची गोष्ट झाली.

युद्धकाळात सरकारनं या मंडळांची रूपं बदलून त्यांना ‘राष्ट्रसेवा पथकां’त बसवलं. युद्धानंतर नव्या लोकशाही शिक्षणात त्यांना पुन्हा मुलांच्या स्वयंशासनाचं साधन म्हणून जागा मिळाली. मग आला एक विचित्र प्रयोग. सरकारी अभ्यासक्रमानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वेळापत्रकातच मंडळाचा एक सक्तीचा तास घातला. हा तास आणि घंटेनंतरचं मंडळ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९८९च्या अभ्यासक्रमात, मूल घंटेनंतरच्या मंडळात जात असेल तर तो तास भरला असं धरायला परवानगी मिळाली. शाळांनी सोयीचा मार्ग काढला आणि अनेक ठिकाणी सगळ्याच मुलांना मंडळात घातलं. पुढे या शतकाच्या सुरुवातीला सक्तीचा तास अभ्यासक्रमातून गेला. मुलांना मंडळात घालण्याची सवय मात्र अनेक शाळांत राहिली. कागदावर बुकात्सु आजही ऐच्छिकच आहे, अभ्यासक्रमाबाहेरचीच आहे. पण वरच्या शाळेत प्रवेश घेताना जो अहवाल जातो त्यात मंडळाचीही नोंद असते, आणि तिघा-चौघा मित्रांच्या देखत ‘मी सोडतो’ म्हणायला पंधराव्या वर्षी जे धैर्य लागतं ते किती मुलांत असतं, हे शिक्षकाला सांगायला नको.

इथपर्यंत मी कौतुकानंच पाहत होते. एका रविवारी सकाळी सातला भाचीच्या मुलाला सोडायला शाळेत गेले. स्पर्धा जवळ आली होती. बँडची सत्तरेक मुलं आधीच जमलेली होती. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तीन नवख्या मुलांना श्वास कसा धरायचा ते शिकवत होती. ती स्वतः पोटावर हात ठेवून दाखवत होती आणि चुकलं की रागावत नव्हती. मला फार छान वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यात लक्ष गेलं. चार-पाच वर्षांची एक चिमुरडी जमिनीवर बसून एकटीच चित्रं रंगवत होती. ती बँडच्या शिक्षिकेची मुलगी होती. “रविवारी पाळणाघर बंद असतं ना,” भाचीनं मला समजावलं, “म्हणून बाई तिला घेऊन येतात. प्रत्येक रविवारी.”

प्रत्येक रविवारी. या दोन शब्दांनी माझा मार्ग बदलला.

जपानमधल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांना जादा कामाचा तासागणिक मोबदला मिळत नाही. १९७१च्या एका कायद्यानं त्यांना त्याऐवजी मूळ पगाराच्या ४ टक्के रक्कम सरसकट दिली. हा आकडा १९६६च्या पाहणीवरून आला होता, आणि त्या पाहणीत शिक्षकांचं जादा काम महिन्याला सरासरी आठ तास भरलं होतं. पुढे काम वाढत गेलं पण टक्के चारच राहिले. त्याहून मार्मिक गोष्ट अशी की नियमांनुसार शिक्षकाला जादा कामाचा हुकूम फक्त चार कारणांसाठी देता येतो: प्रात्यक्षिक शिक्षण, शाळेचे कार्यक्रम, शिक्षकसभा आणि आणीबाणीचे प्रसंग. मंडळं या यादीत नाहीत. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या बाई रविवारी स्वेच्छेनं आल्या होत्या. सुटीच्या दिवसाचा थोडासा भत्ता मिळतो, पण तो कामाचा मोबदला म्हणावा असा नाही. मंडळाची जबाबदारी मात्र मुख्याध्यापक वाटून देतात. ज्यानं आयुष्यात कधी रॅकेट धरली नाही त्याच्याकडे टेनिस येतं.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची, शिक्षकांबाबत एक आंतरराष्ट्रीय पाहणी असते. तिच्या २०१८च्या फेरीत जपानमधल्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा भरला आणि सहभागी देशांची सरासरी ३८.३ तास होती. सगळ्यांत गंमतीची तुलना पुढेच आहे. प्रत्यक्ष शिकवण्याचे तास जपानमध्ये सरासरीपेक्षा कमीच होते. सहशालेय उपक्रमांवर मात्र जपानी शिक्षक आठवड्याला साडेसात तास घालवत होते आणि बाकीच्यांची सरासरी दोन तासांच्याही आत होती. २०१५-१६च्या सुमारास काही तरुण शिक्षकांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली. मागणी इतकीच होती की मंडळाचं सल्लागारपद घ्यायचं की नाही हे आम्हाला ठरवू द्या. याच काळात ‘ब्लॅक बुकात्सु’ हा शब्द रूढ झाला.

मुलांनाही किंमत मोजावी लागतेच. २०१२च्या डिसेंबरात ओसाकातल्या एका सरकारी हायस्कुलातल्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधारानं, सतरा वर्षांच्या मुलानं, प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली. शाळेतली शारीरिक शिक्षा जपानमध्ये १९४७च्या कायद्यापासून निषिद्ध आहे, पण मैदानावर ती ‘तळमळ’ म्हणून खपून जात होती. पुढच्या वर्षी न्यायालयानं त्या शिक्षकाला दोषी ठरवून एक वर्षाची स्थगित कैद सुनावली. नागोयाचे संशोधक र्‍यो उचिदा यांनी शालेय ज्युडोतल्या अपघातांची जुनी कागदपत्रं एकत्र केली तेव्हा १९८३पासूनच्या तीसेक वर्षांत शंभराहून अधिक मुलं दगावल्याचं दिसलं. आकडे कुठे लपवलेले नव्हते. ती कोणी मोजलेली नव्हती, इतकंच. चांगल्या हेतूनं चाललेल्या गोष्टीचा हिशेब मागायला माणसं कचरतात.

त्यानंतर सुधारणा सुरू झाल्या. २०१७पासून शिक्षक नसलेल्या माणसालाही ‘मंडळ मार्गदर्शक’ म्हणून अधिकृतपणे नेमता येऊ लागलं. २०१८मध्ये क्रीडा विभागानं मार्गदर्शक सूचना काढल्या: आठवड्यात किमान दोन दिवस सुटी, त्यातली एक शनिवार-रविवारी, सराव शाळेच्या दिवशी सुमारे दोन तास, सुटीच्या दिवशी सुमारे तीन. २०२३पासून कनिष्ठ माध्यमिक शाळांतली सुटीच्या दिवसांची मंडळं टप्प्याटप्प्यानं गावातल्या संस्थांकडे सोपवण्याचं धोरण आलं. कोबे शहरानं तर २०२६मध्ये आपल्या कनिष्ठ माध्यमिक शाळांतली मंडळं पूर्णपणे थांबवून ती स्थानिक गटांकडे देण्याचा निर्णय जाहीर केला. त्या ४ टक्क्यांनाही अखेर हात लागला. २०२५च्या दुरुस्तीनं ते वर्षागणिक एकेक टक्क्यानं वाढवत १० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं आहे. यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे मुलांची घटती संख्या. जपानमध्ये २०१६ साली जन्मलेल्या मुलांची संख्या पहिल्यांदाच दहा लाखांच्या खाली गेली. खेड्यातल्या शाळेत बेसबॉलसाठी नऊ मुलं जमत नाहीत, म्हणून दोन-तीन शाळांचा मिळून एक संघ उतरतो.

मग प्रश्न सुटला का? भाचीच्या शेजारणीनं मला दुसरी बाजू दाखवली. तिला तीन मुलं, नवरा ट्रकचालक. “मंडळ शाळेत आहे म्हणून माझी मुलगी व्हायोलिनला हात लावू शकते,” ती म्हणाली. भाची भाषांतर करत होती. “बाहेर गेलं की फी आली, बसभाडं आलं, आणि सोडायला आईनं मोकळं असायला हवं.” तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही. शाळेतल्या मंडळात वाद्य शाळेचं असतं, खोली शाळेची आणि शिक्षक जवळजवळ फुकट. त्या फुकटपणावरच गरीब मुलाची संधी उभी आहे. शिक्षकाला मोकळं करावं तर मुलाची दारं बंद होतात, आणि ती उघडी ठेवावी तर कोपऱ्यात चित्रं रंगवणारी ती चिमुरडी तिथेच बसून राहते. जपानमधला आजचा वाद याच दोन टोकांमधला आहे, आणि पैशाची तरतूद केल्याशिवाय तो मिटणारा नाही.

जपानमधल्या या शाळांशी मराठी माणसाचा संबंध आता अगदीच दूरचा राहिलेला नाही. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९मध्ये तोक्योतल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले आणि नंतर इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे प्राचार्य झाले. तिथल्या शाळांत शिकणारी मराठी मुलं आता आपल्या नात्यागोत्यांत आहेत.

पण मला परत यायचं आहे ते आपल्या शाळेत. १९५२-५३च्या मुदलियार आयोगानं माध्यमिक शिक्षणात सहशालेय उपक्रमांना अभ्यासाइतकंच स्थान द्यायला सांगितलं होतं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंतच काढा म्हणतं. कागदावर आपण जपानच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात आपल्या अनेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळची शाळा सुटली की त्याच बाकांवर दुपारची मुलं बसतात आणि दुपारची सुटली की शिपाई कुलूप घेऊन उभे असतात. मुलांनाही सहाचा क्लास गाठायचा असतो. घंटेनंतरच्या शाळेला आपल्याकडे ना जागा आहे ना वेळ.

तरी काही गोष्टी टिकल्या आहेत. त्या कोणत्या ते पाहावं. १९४८च्या कायद्यानं उभी राहिलेली एन.सी.सी. टिकली, कारण तिथे शिक्षकाला प्रशिक्षण आहे, मानधन आहे, मुलाला गणवेश आणि प्रमाणपत्र आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा टिकल्या, कारण त्यांना परीक्षा आहे आणि दहावीच्या निकालात सवलतीचे गुण आहेत. खेळांनाही तसे गुण आहेत. थोडक्यात, ज्या उपक्रमाला शासनदरबारी नोंद आहे तो जगला. ज्याला नाही, तो एखाद्या बाईंच्या किंवा सरांच्या जिवावर जगला आणि त्यांच्याबरोबर निवृत्त झाला. विज्ञान मंडळ, भित्तिपत्रक, नाट्यवाचन, हस्तलिखित ही सगळी या दुसऱ्या यादीतली. गुण देऊन त्यांनाही जगवता येईल असं कुणी म्हणेल. पण गुण आले की मूल चित्र काढायला येत नाही, गुण घ्यायला येतं. जपानमध्ये त्या प्रवेश अहवालानं हेच केलं.

आमचं हस्तलिखित माझ्या निवृत्तीनंतर बंद पडलं. मी नव्या बाईंना आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, तुम्हाला जमलं. मला घरी दोन लहान मुलं आहेत.” मला राग आला होता. हल्लीच्या शिक्षकांत तळमळ राहिली नाही, असं मी चार जणांत बोललेही. जपानहून आल्यावर एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. जुलै ते जानेवारी, सुट्या वगळून पंचवीस आठवडे, आठवड्याला दोन दिवस, दर वेळी दोन तास. वर्षाचे शंभर तास झाले. बावीस वर्षांचे बावीसशे. हे तास कुठल्याही वेळापत्रकात नव्हते, कुठल्याही कार्यभारात धरलेले नव्हते. ते न मोजण्याचाच मला अभिमान होता. त्या वर्षांत माझ्या मुलीला शाळेतून कोण आणत होतं, हेही मी कधी मोजलं नव्हतं. ते माझ्या सासूबाई करत होत्या. माझी तळमळ त्यांच्या पायांवर उभी होती, आणि नव्या बाईंच्या घरी सासूबाई नाहीत.

मागच्या महिन्यात आमच्या मुख्याध्यापिकांना भेटून आले. मागणी एकच केली: हस्तलिखित ज्या कुणाकडे द्याल त्याचे आठवड्याला दोन तास कमी करा, ऑफ तास म्हणून नव्हे तर वेळापत्रकात ‘हस्तलिखित’ असं लिहून. आणि नियम एकच ठेवा, की कुठल्याही मुलाला मधूनच ‘मला आता यायचं नाही’ असं म्हणता यावं, त्याच्या नावापुढे काही शेरा न पडता. त्या म्हणाल्या, “बाई, दोन तास कमी केले तर ते घेणार कोण?” प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, आठवीच्या व्याकरणाचे दोन तास मी येऊन घेते, विनावेतन. त्या हसल्या. मग माझ्याही लक्षात आलं की मी पुन्हा तेच करायला निघाले आहे. तेव्हा ते शब्द मागे घेतले आणि त्यांच्याबरोबर बसून संस्थेकडे जाणारा अर्ज लिहिला.